जीएम पिकांचे नियम देशोदेशी जुळवायचे तर सुरुवात कुठून करायची : विकसनशील देशांसाठी एकेक पायरी

बीटी वांगं म्हणजे बीटी या जिवाणूचं अळी मारणारं जनुक घातलेलं जीएम (जनुकीय बदल केलेलं) वांगं. त्याचा ईई-१ नावाचा इव्हेंट घ्या, इव्हेंट म्हणजे ते जनुक एका ठराविक जागी बसलेलं मूळ रोप आणि त्याची पुढची वंशावळ. जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेला, क्राय१एसी जनुक घातलेला, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. भारतात जीईएसी या जीएम पिकांच्या अर्जांवर बसणाऱ्या केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला हिरवा कंदील दिला आणि ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. बांगलादेशने तोच इव्हेंट आपल्या स्थानिक वाणांमध्ये घेतला, ३० ऑक्टोबर २०१३ ला परवानगी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांच्या हातात रोपं पडलीसुद्धा. फिलिपिन्समध्ये २०१५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने याच वांग्याच्या फिल्ड ट्रायल बंद केल्या आणि नियमावलीच रद्द केली, २०१६ मध्ये त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला, २०२२ मध्ये लागवडीची परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती पुन्हा काढून घेतली.

कोण बरोबर आणि कोण चूक हा वाद आज बाजूला ठेवूया. बघायचं ते हे की वनस्पतीतलं जनुक एकच, जागा एकच, प्रोटीन एकच, पण तिन्ही देशांत फाइल वेगळ्या वाटेने गेली, वेगळ्या टेबलांवर थांबली. असं प्रत्येक पिकाचं प्रत्येक देशात होतं आणि याचा सगळ्यात मोठा फटका मोठ्या कंपनीला बसत नाही, ती सहा देशांत सहा वेळा तेच काम करून घेऊ शकते कारण मका आणि सोयाबीनच्या बियाण्यातून तिचा खर्च निघतो. फटका बसतो तो चवळी, वांगं, केळी, कसावा अशा पिकांवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थांना, त्यांच्याकडे एकाच देशाचं डोझिअर, म्हणजे मान्यतेसाठी द्यायची पुराव्यांची फाइल, पूर्ण करायला पैसे कसेबसे पुरतात. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. जीएमच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, नियम जुळलेले नसले की गरिबांची पिकं रांगेत सगळ्यात मागे राहतात, आणि विरोध करणाऱ्यालाही नेमका कशाला विरोध करायचा ते कळत नाही.

आणि हा काही फक्त श्रीमंत देशांचा विषय राहिलेला नाही. २०१९ मध्ये २९ देशांत मिळून सुमारे १९ कोटी हेक्टरवर जीएम पिकं होती, त्यातले २४ देश विकसनशील आणि निम्म्याहून जास्त क्षेत्र त्यांच्याकडेच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना या कामात खरोखर हात घालावा लागतो : बायोसेफ्टी (जैवसुरक्षा) समितीतले लोक, कृषी खात्यातले अधिकारी, विद्यापीठातले संशोधक, शेतकरी संघटनांचे अभ्यासक, आणि हे सगळं समजून घेऊन लिहिणारे पत्रकार.

पायरी १ : काय जुळवायचं आणि काय नाही ते आधी ठरवा

हार्मोनायझेशन, म्हणजे नियम जुळवणं, म्हटलं की लोकांना वाटतं सगळ्या देशांचा एकच कायदा आणि एकच निर्णय, आणि मग लगेच सार्वभौमत्वाचा मुद्दा येतो आणि चर्चा तिथेच बंद पडते. म्हणून पहिल्याच बैठकीत तीन ढीग करा. पहिला ढीग विज्ञानाचा : जनुक कुठे बसलंय, किती प्रती आहेत, प्रोटीन पोटात पचतं का, ॲलर्जीच्या माहीत असलेल्या प्रोटीनशी ते मिळतंजुळतं आहे का. हे देश बदलला म्हणून बदलत नाही, सबब हे एकदाच व्हावं आणि सगळ्यांनी वापरावं. दुसरा ढीग कामकाजाचा : अर्जाचा नमुना, मुदती, शब्दांच्या व्याख्या, सॅम्पल काढायची पद्धत. हे देशादेशात वेगळं असायला खरं म्हणजे काहीच कारण नाही, फक्त सवय आहे. तिसरा ढीग निर्णयाचा : किती धोका चालेल, लहान शेतकऱ्यावर काय परिणाम होईल, लोकांना काय हवंय. हा ज्याचा त्याने ठरवायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या कोमेसा या गटाने २०१४ मध्ये जे धोरण मान्य केलं ते याच विचारावर उभं आहे, रिस्क असेसमेंट (धोक्याची शास्त्रीय तपासणी) गटाच्या पातळीवर एकत्र आणि हो-नाही मात्र प्रत्येक देशाच्या हातात. मला आजवर दिसलेल्या मांडण्यांत हीच सगळ्यात चालण्यासारखी वाटते.

पायरी २ : आपण कुठल्या करारांनी बांधलेले आहोत ते कागदावर मांडा

इथे चार गोष्टी येतात आणि त्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

कार्टाजेना बायोसेफ्टी प्रोटोकॉल, जीएम जीव एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा करार, जानेवारी २००० मध्ये मॉन्ट्रियलला ठरला आणि ११ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. १७० हून जास्त पक्ष (सामील झालेले देश) आहेत त्यात, पण अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना हे मोठे निर्यातदार त्यात नाहीत. तो फक्त जिवंत जीएम जीवांना लागू होतो, म्हणजे मक्याचा दाणा त्यात येतो, मक्याचं पीठ येत नाही. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण २००२ च्या दुष्काळात झांबियाने मदतीचा जीएम मका नाकारला आणि आसपासच्या काही देशांनी दळून आणलेला चालेल अशी अट घातली, त्यामागे हेच होतं. दाणा पेरला तर उगवतो, पीठ उगवत नाही.

दुसरं कोडेक्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं (एफएओ) आणि जागतिक आरोग्य संघटनेचं (डब्ल्यूएचओ) अन्नाची मानकं ठरवणारं मंडळ. २००३ मध्ये त्यांनी जीएम पिकांपासून बनलेल्या अन्नाची सुरक्षितता कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. पिठाचा प्रश्न इथे येतो. तिसरा जागतिक व्यापार संघटनेचा (डब्ल्यूटीओ) एसपीएस करार, अन्न, प्राणी आणि वनस्पतींच्या आरोग्यासाठी घातलेल्या आयात-अटींबद्दलचा, तो म्हणतो की आयात अडवायची तर शास्त्रीय आधार पाहिजे, आणि पुरावा अपुरा असेल तर तात्पुरती बंदी घाला पण मग आणखी माहिती गोळा करा आणि वाजवी वेळेत फेरविचार करा. चौथा वनस्पती संरक्षणाचा करार आयपीपीसी, जीएम रोप स्वतःच तण किंवा कीड ठरू शकतं का हे त्याच्या कक्षेत येतं.

यातली अडचणीची जोडी म्हणजे कार्टाजेना आणि एसपीएस. कार्टाजेना म्हणतो की पूर्ण शास्त्रीय खात्री नसली तरी देश सावधगिरीचा निर्णय घेऊ शकतो, एसपीएस म्हणतो आधार दाखवा. २००३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनाने युरोपविरुद्ध डब्ल्यूटीओत तक्रार केली आणि २००६ मध्ये निकाल आला तेव्हा पॅनेलने जीएम सुरक्षित आहे की नाही यावर काही ठरवलं नाही, त्यांनी धरलं ते मुख्यतः अवाजवी उशीर केला हे. तक्रारदार देश कार्टाजेनाचे पक्ष नसल्यामुळे तो प्रोटोकॉल विचारात घ्यायला आपण बांधील नाही असंही पॅनेलने म्हटलं. यातून विकसनशील देशाने घ्यायचं ते असं : नाही म्हणायचं असेल तर कारणं लिहून नाही म्हणा, पण फाइल भिजत ठेवू नका, कारण भिजत ठेवलेल्या फाइलचा बचाव कुठल्याच करारात करता येत नाही.

एका तक्त्यात डावीकडे या चार गोष्टी आणि उजवीकडे आपल्या कायद्यातलं त्यासंबंधीचं कलम लिहा. जिथे उजवीकडची जागा रिकामी राहते तिथे तुमचं काम आहे.

पायरी ३ : घरातली टेबलं एकत्र आणा

शेजाऱ्याशी नियम जुळवायच्या आधी आपल्याच पर्यावरण, कृषी, आरोग्य आणि व्यापार खात्यांचे जुळलेले नसतात. पर्यावरण खातं कार्टाजेनाच्या बैठकीला जातं, व्यापार खातं डब्ल्यूटीओच्या, आरोग्य खातं कोडेक्सच्या, आणि तिघं तीन वेगळ्या भूमिका मांडून येतात. एक मुख्य संस्था नेमा जिच्याकडे अर्ज येईल आणि जिथून निर्णय बाहेर जाईल. दक्षिण आफ्रिकेने १९९७ लाच कायदा केला, नायजेरियाने २०१५ मध्ये खास संस्था उभी केली, ब्राझीलने २००५ च्या कायद्याने सीटीएनबायो या तांत्रिक समितीचे अधिकार पक्के केले. रचना कुठलीही असू दे, अर्जदाराला एकच दार दिसलं पाहिजे.

मुदती लिहूनच ठेवा. कार्टाजेनात पहिल्यांदा आयात होणाऱ्या आणि शेतात सोडायच्या जीवासाठी अर्ज पोचल्याची पोच ९० दिवसांत आणि निर्णय २७० दिवसांत द्यायचा असतो, जादा माहिती मागितली तर ती येईपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, आणि मुदतीत उत्तर दिलं नाही म्हणजे होकार झाला असंही नाही. देशी अर्जांनाही हीच पद्धत लावली तर अर्जदार आणि अधिकारी दोघांनाही कॅलेंडर एकच राहतं.

पायरी ४ : व्याख्या, आणि त्यातही जीन एडिटिंग

ज्यांना व्याख्या म्हणजे वकिलांचं काम वाटतं त्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. कार्टाजेनात जिवंत सुधारित जीव म्हणजे आधुनिक जैवतंत्रज्ञानाने मिळालेली जनुकीय द्रव्याची नवीन जुळणी ज्याच्यात आहे तो जीव. यातले 'नवीन जुळणी' हे दोन शब्द फार कामाचे आहेत. जीन एडिटिंगने, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या डीएनएत नेमक्या जागी बदल करायच्या तंत्राने, नुसता एखादा छोटा बदल केला, बाहेरचं काही आत राहिलं नाही, तर ही नवीन जुळणी झाली का? अर्जेंटिनाने २०१५ मध्ये ठरवलं की प्रत्येक पीक आधी समितीला दाखवा, नवीन जुळणी नसेल तर ते जीएमओच्या नियमात येत नाही. पुढे चिली, ब्राझील, कोलंबियाने साधारण तीच वाट धरली, नायजेरिया, केनिया, फिलिपिन्सनेही आपापली मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि भारताने मार्च २०२२ मध्ये एसडीएन-१ आणि एसडीएन-२ (परकं जनुक न घालता केलेलं एडिटिंग) प्रकारांना १९८९ च्या नियमांतल्या काही तरतुदींतून सूट दिली.

लॅटिन अमेरिकेत हे आपोआप बरंच जुळलं कारण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. तुम्हीही शेजाऱ्यांबरोबर निदान प्रश्न तरी एक ठेवा, उत्तर वेगळं आलं तरी चालेल. नाहीतर एका देशात जे साधं बियाणं ते दुसऱ्या देशात बेकायदा जीएम, आणि लॅबमध्ये तपासून फरकही सांगता येत नाही अशी वेळ येते.

पायरी ५ : डोझिअर एका साच्यात, आणि इव्हेंटला एकच नाव

एकाच इव्हेंटला कंपनीचं ब्रँड नाव वेगळं, कोड वेगळा, देशातल्या वाणाचं नाव तिसरंच. कस्टमचा माणूस काय शोधणार? यासाठी ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने ओळख क्रमांकाची पद्धत केली आहे आणि कार्टाजेनाच्या कामातही तीच चालते. नऊ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ मक्यातला जुना आणि आफ्रिकेतही वापरला गेलेला इव्हेंट, एमओएन-००८१०-६. पहिली अक्षरं अर्जदाराची, मधला भाग इव्हेंटचा, शेवटचा अंक पडताळणीचा. पडताळणी कशी ते करून बघा : इंग्रजी वर्णमालेत एम १३ वं, ओ १५ वं, एन १४ वं अक्षर, बेरीज ४२. मधल्या भागातले ८ आणि १ मिळवले की ५१. पाच अधिक एक सहा. शेवटचा अंक सहाच आहे, म्हणजे क्रमांक टाइप करताना चूक झालेली नाही. अर्जेंटिनाच्या एचबी४ गव्हाचा आयएनडी-००४१२-७ घ्या : ९, १४, ४ म्हणजे २७, त्यात ४, १, २ मिळवून ३४, तीन अधिक चार सात. जुळलं. शून्य नेहमी तिरकी रेघ मारून लिहितात, म्हणजे इंग्रजी ओशी गल्लत होत नाही. अर्जाच्या फॉर्मवर, ट्रायलच्या परवान्यावर, बियाण्याच्या पाकिटावर आणि बंदरावरच्या कागदावर हाच क्रमांक सक्तीचा करा. खर्च शून्य आणि उपयोग भरपूर.

डोझिअरचा साचा नवीन शोधत बसू नका, कोडेक्सच्या २००३ च्या तत्त्वांचा क्रम अन्नासाठी आणि कार्टाजेनाच्या तिसऱ्या परिशिष्टाचा क्रम पर्यावरणासाठी घ्या. ओईसीडीची पिकांच्या जीवशास्त्रावरची दस्तावेजंही आहेत, मका, भात, कापूस, केळी अशी, त्यात पिकाचं मूळ कुठलं, रानटी नातेवाईक कोण, परागीभवन कसं हे एकत्र मिळतं आणि समितीतल्या नव्या माणसाचं बरंच वाचन वाचतं.

पायरी ६ : दुसऱ्या देशातला डेटा कधी घ्यायचा

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

बऱ्याच समित्यांचा पहिला आग्रह असा असतो की सगळे प्रयोग आपल्याच मातीत पुन्हा करा. ऐकायला हे देशहिताचं वाटतं. पण उंदरांना प्रोटीन खाऊ घालायचा प्रयोग एका देशात केला काय आणि दुसऱ्या देशात केला काय, उंदराच्या पोटात फरक पडत नाही. उलट मर्यादित पैसे आणि माणसं त्यातच संपतात आणि जे खरोखर स्थानिक आहे ते तपासायला कोणी उरत नाही.

म्हणून आधी प्रश्न नीट मांडा, या कामातले लोक त्याला प्रॉब्लेम फॉर्म्युलेशन म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतली बीटी चवळी घ्या. शेंगा पोखरणाऱ्या मारुका अळीसाठी तिच्यात क्राय१एबी जनुक आहे, नायजेरियाने २०१९ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि घानाने २०२२ मध्ये. भीती काय? की हे जनुक रानचवळीत जाईल आणि ती माजेल. आता ही भीती खरी व्हायची तर काय काय व्हावं लागेल ते ओळीने लिहा. एक, शेताजवळ रानचवळी असावी लागेल आणि दोन्हींना फुलं एकाच वेळी यावी लागतील. दोन, चवळी बहुतेक स्वतःच्याच परागांवर फळते, तरी किडे-माश्यांनी काही पराग पलीकडे न्यावे लागतील. तीन, तयार झालेलं संकरित रोप रानात तगावं लागेल. चार, रानचवळीची संख्या आज मारुका अळीमुळेच आटोक्यात आहे असं असावं लागेल, नाहीतर अळीपासून सुटका होऊन तिला काही जादा मिळत नाही. पाच, वाढलेल्या रानचवळीने कशाचं तरी खरोखर नुकसान करावं लागेल. या साखळीतली एक कडी जरी ठामपणे तुटली तरी पुढचे प्रयोग करायची गरज राहत नाही. आणि चौथी कडी तपासायला जो अभ्यास लागतो तो नायजेरियात केला तर त्याच हवामानाच्या पट्ट्यातल्या घाना आणि बुर्किना फासोलाही लागू पडतो, कारण रानचवळी तीच आणि अळीही तीच. इथे सरहद्द बघायची नाही, शेतीहवामानाचा पट्टा बघायचा.

यातून सरळ नियम निघतो. जनुकाची रचना, प्रोटीनची ओळख, विषारीपणा, ॲलर्जी, पोषक घटकांची तुलना हे बाहेरून घ्या, फक्त मूळ डेटा नीट मिळवा, नुसता सारांश नको, आणि ज्या पद्धतीने काम झालं ती तुमच्या तज्ज्ञाला पटली पाहिजे. कीटक, रानटी नातेवाईक, पीकपद्धती हे मिळत्याजुळत्या पट्ट्यातून घ्या. स्थानिक अळीवर प्रोटीनचा किती डोस लागू होतो आणि वाण इथे कसं येतं हे मात्र इथेच करा. बांगलादेशने ईई-१ साठी भारतात झालेलं बरंच काम जमेस धरलं आणि आपल्या वाणांच्या चाचण्या स्वतः घेतल्या, मला हे वाटपच योग्य वाटतं. व्हिएतनामने २०१० च्या नियमात आणखी पुढे जाऊन अशी वाट ठेवली की अन्न म्हणून किमान पाच विकसित देशांत मान्य असलेल्या इव्हेंटला सोप्या मार्गाने मान्यता मिळते. लहान देशाला हे परवडणारं आहे, पण एक खटकतं, की विकसित देश जी पिकं खातच नाहीत त्यांना ही वाट उपयोगाची नाही. चवळी आणि कसावासाठी यादीत विकसनशील देशांचे निर्णयही धरले पाहिजेत.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेने २०१७-१८ मध्ये गोल्डन राइसच्या (अ जीवनसत्त्वासाठी बीटा-कॅरोटीन असलेल्या जीएम तांदळाच्या) जीआर२ई इव्हेंटची अन्नसुरक्षा तपासली होती, तिथे कोणी तो पिकवणार नसताना. अर्ज केला गेला तो उद्या आशियातून आलेल्या तांदळात चुकून दाणे सापडले तर व्यापार अडू नये म्हणून. फिलिपिन्सने लागवडीची परवानगी जुलै २०२१ मध्ये दिली तेव्हा हे तिन्ही अहवाल उघड्यावर वाचायला मिळत होते.

पायरी ७ : जोडीदार विचार करून निवडा

राजकीय गट आणि शेतीचा पट्टा एकच असेल असं नाही. ज्या देशांशी बियाण्याची खरी ये-जा आहे त्यांच्याशी आधी बोला, भले ते दुसऱ्या गटात असोत. बियाणं परवान्याची वाट बघत नाही. अर्जेंटिनाने १९९६ मध्ये तणनाशक सहन करणारं सोयाबीन मान्य केलं आणि ब्राझीलमध्ये ते मान्य नसताना दक्षिणेकडच्या राज्यांत चोरवाटेने पसरलं, शेवटी ब्राझीलला २००३ मध्ये तात्पुरती सूट आणि २००५ मध्ये कायदा करून ते मान्य करावं लागलं. पाकिस्तानात बीटी कापूस २०१० च्या अधिकृत मान्यतेच्या आधीच शेतात होता. म्हणजे नियम न जुळवण्याचाही एक परिणाम असतो, आणि तो असा की तपासणी नसलेलं, नाव नसलेलं, रेफ्यूजचा (अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून शेतात लावायच्या बिगर-बीटी झाडांचा) पत्ता नसलेलं बियाणं येतं. अळीची प्रतिकारशक्तीही दोन्ही बाजूंना वाढते, म्हणून रेफ्यूज किती आणि कसा लावायचा, प्रतिकारक अळी सापडली तर कोणी कोणाला कळवायचं हे शेजाऱ्यांनी लेखी ठरवावं.

आणि बायोसेफ्टीची मान्यता म्हणजे वाण चांगलं असल्याची मान्यता नव्हे. बुर्किना फासोने २००८ पासून बीटी कापूस व्यापारी पातळीवर लावला, अळीचा त्रास कमी झाला, पण धाग्याची लांबी घटली, बाजारात भाव मिळेना आणि २०१५-१६ मध्ये देशाने तो बंद करायला घेतला. बायोसेफ्टी समितीने कितीही चोख काम केलं असतं तरी हे सापडलं नसतं, ते बियाणं नोंदणीच्या चाचणीचं काम आहे. दोन्ही यंत्रणा जुळवा पण एकात एक मिसळू नका.

पायरी ८ : व्यापारातला मागेपुढे

एका देशात मंजूर आणि गिऱ्हाईक देशात अजून नाही, या काळात खरा पैसा बुडतो. २०१३ च्या नोव्हेंबरपासून चीनने अमेरिकेचा मका परत पाठवायला सुरुवात केली कारण त्यात एमआयआर१६२ हा जीएम इव्हेंट होता आणि चीनची मान्यता डिसेंबर २०१४ मध्ये आली. शेतकऱ्यांनी खटले भरले आणि तो विकणाऱ्या सिंजेंटा कंपनीला सुमारे १५१ कोटी डॉलरचा समझोता करावा लागला. विकसनशील देशात एवढे पैसे भरणारं कोणी नसतं, नुकसान शेतकऱ्याच्याच अंगावर पडतं.

याच्या उलट अर्जेंटिनाने एचबी४ गव्हाचं केलं. दुष्काळ सोसणाऱ्या या गव्हाला ऑक्टोबर २०२० मध्ये मान्यता दिली पण अट घातली की ब्राझील, म्हणजे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, हो म्हणेपर्यंत विक्री नाही. ब्राझीलने नोव्हेंबर २०२१ मध्ये पिठाच्या आयातीला मान्यता दिली, मे २०२२ मध्ये अर्जेंटिनाने वाट मोकळी केली आणि मार्च २०२३ मध्ये ब्राझीलने लागवडही मान्य केली. निर्यातीचं पीक असेल तर हीच पद्धत घ्या : मुख्य दोन-तीन गिऱ्हाईक देशांत एकाच वेळी अर्ज, आणि ते होईपर्यंत सशर्त मान्यता.

टक्केवारीबद्दल मात्र लोक कायम घोटाळा करतात. युरोपातले ०.९ टक्के हे मान्य असलेल्या इव्हेंटच्या लेबलसाठी आहेत, जपानचे ५ टक्के आणि ब्राझीलचा १ टक्काही लेबलसाठीच. मान्य नसलेल्या इव्हेंटला युरोपात अन्नात शून्य, आणि २०११ पासून पशुखाद्यात काही अटींवर ०.१ टक्का. म्हणजे 'आमचा माल ०.९ च्या आत आहे' असं म्हणून मान्यता नसलेला इव्हेंट पाठवला तर बोट परत येणार. आपल्या देशाचा आकडा ठरवताना लेबलचा आणि अपघाती भेसळीचा असे दोन वेगळे आकडे ठरवा आणि दुसऱ्यासाठी कोडेक्सचं २००८ चं परिशिष्ट वापरा, निर्यातदार देशात पूर्ण तपासलेला पण आपल्याकडे मान्य नसलेला इव्हेंट थोडा सापडला तर अन्नसुरक्षा कशी तपासायची ते त्यात दिलंय. आकडा कशाचा तेही लिहा, वजनाचा की डीएनएच्या प्रतींचा. एका दाण्यात दोन इव्हेंट असले तर पीसीआर या डीएनए मोजणाऱ्या चाचणीला ते दोन दाण्यांसारखे दिसतात आणि टक्केवारी फुगते.

पायरी ९ : लॅब

प्रत्येक देशाने महागडी लॅब उभारायची गरज नाही. गटातली एक चांगली लॅब, आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता असलेली, आणि बाकीच्या देशांत फक्त सॅम्पल नीट काढणारी प्रशिक्षित माणसं एवढं सुरुवातीला पुरतं. बंदरावर चूक बहुतेक वेळा मशीनची नसते, पोत्यांच्या वरच्या थरातूनच सॅम्पल घेतल्याची असते. अर्जदाराकडून इव्हेंट ओळखायची चाचणी पद्धत आणि संदर्भ नमुना मान्यतेच्या वेळीच घेऊन ठेवा, मागाहून मिळवायला जाल तर पत्रव्यवहारातच वर्ष जातं.

पायरी १० : लोकांचं ऐकणं आणि कोर्ट

फिलिपिन्समधला २०१५ चा निकाल नीट पाहिला तर नुसत्या विज्ञानावर गाडी अडलेली नव्हती. आपल्याच जैवसुरक्षा चौकटीत लोकसहभागाबद्दल जे लिहिलं होतं ते पाळलं गेलं नाही हा त्यात मोठा मुद्दा होता, आणि त्यामुळे सरकारला २०१६ मध्ये नवीन नियमावली काढावी लागली. लोकसुनावणी, अर्ज उघड करणं, आलेल्या हरकतींना लेखी उत्तर, हे सुरुवातीपासून वेळापत्रकात धरा. सुनावणी स्थानिक भाषेत घ्या, डोझिअरचा साध्या भाषेतला सारांश अर्जदाराकडूनच मागा. व्यापारी गुपित म्हणून काय झाकता येईल याची यादी ठरवा, आणि सुरक्षिततेचा डेटा त्या यादीत नको.

सामाजिक-आर्थिक परिणाम बघायची मुभा कार्टाजेनाच्या २६ व्या कलमात आहे, पण इतर आंतरराष्ट्रीय बंधनांशी सुसंगत राहून. माझं म्हणणं असं की ते जरूर बघा, फक्त वेगळ्या अहवालात आणि वेगळ्या लोकांकडून. शास्त्रज्ञाने बियाण्याच्या किमतीवर आणि अर्थतज्ज्ञाने ॲलर्जीवर मत द्यायचं असं झालं की दोन्ही अहवाल कोर्टात टिकत नाहीत. नुकसान झालं तर भरपाई कोणाकडून हेही आधीच ठरवा, त्यासाठीचा नागोया-क्वालालंपूर पूरक प्रोटोकॉल मार्च २०१८ पासून लागू आहे.

पायरी ११ : निर्णय जाहीर करा आणि फेरविचाराची तारीख घाला

देशात विक्रीला मान्यता दिलेला आणि अन्न किंवा चारा म्हणून सरहद्दीपलीकडे जाऊ शकेल असा इव्हेंट असेल तर १५ दिवसांत बायोसेफ्टी क्लिअरिंग हाउस या कार्टाजेनाच्या पोर्टलवर कळवायचं असतं, आणि अन्नासाठीचे असेसमेंट एफएओच्या जीएम फूड्स प्लॅटफॉर्मवरही टाकता येतात. नुसता 'मंजूर' एवढाच शब्द टाकू नका, असेसमेंट पूर्ण टाका. तुमचा अहवाल शेजारी देशाचं निम्मं काम वाचवतो आणि त्याचा तुमचं.

नकार दिलात तरी तो टाका, कारणांसकट, आणि पुढचा आढावा कधी घेणार ते लिहा. केनियाने नोव्हेंबर २०१२ मध्ये जीएम अन्नाच्या आयातीवर बंदी घातली, त्याला निमित्त होतं उंदरांवरच्या एका फ्रेंच अभ्यासाचं. तो अभ्यास त्या नियतकालिकाने २०१३ मध्येच मागे घेतला, पण बंदी ऑक्टोबर २०२२ पर्यंत चालली आणि उठल्यावर लगेच कोर्टात गेली. बंदी चूक होती की बरोबर हा वाद वेगळा, पण तिच्या आदेशात दोन वर्षांनी अमुक समितीने पुन्हा बघावं असं एक वाक्य असतं तर निदान २०१४ मध्ये ती फाइल पुन्हा निर्णयाला आली असती. हे वाक्य मान्यतेच्या आदेशातही घाला आणि नकाराच्या आदेशातही, समितीचं नाव आणि तारीख दोन्ही लिहून.